गोदीतलं भंगार

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' ही बोट उडाली, शेकडो माणसं गेली. बोटीत जवळजवळ १,४०० टन स्फोटकं, कापूस आणि सोन्याच्या विटा. काय पण कॉम्बिनेशन! त्यातला ४५ किलोचा एक जिवंत गोळा सापडला थेट २०११ मध्ये.

मालाडला घरी बसून माझा इंजिनियरी प्रश्न: मॅग्नेटोमीटर का नाही फिरवत? लोखंड पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं, यंत्र तेच टिपतं. पण नुसत्या विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली होती! गोदीत तर क्रेन, रूळ, साखळ्या, शिवाय फुटलेल्या बोटींचे पत्रे. बहुतेक सिग्नल भंगाराचेच, तरी प्रत्येकाला बॉम्ब समजूनच हात लावायचा.

आणि सोनं? ते या यंत्राला दिसतच नाही. १९७०च्या दशकात काही विटा मिळाल्या, त्याही गाळ उपसताना.