सावंतवाडी : तळे आणि सरहद्द



तळ्याकाठच्या गावाची हकीकत पनवेलकरांना सांगायला उभे राहणे म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे. वडाळे, कृष्णाळे, देवाळे ही तळी आपल्या रोजच्या वाटेवरची. म्हणून आज मी आपल्याला दुसऱ्या एका तळ्याकाठी नेणार आहे. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता धरला आणि साडेचारशे किलोमीटरांच्या वर गेले म्हणजे सावंतवाडी लागते. जुने नाव सुंदरवाडी. राजवाड्यासमोर मोती तलाव, चितारआळीत लाकडी खेळणी, रंगविलेली गंजिफा. हे सारे प्रवासी पाहतात, मीही पाहिले, आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. मला बोलायचे आहे ते त्या तळ्यापासून वीस किलोमीटरांच्या आतबाहेर असलेल्या एका रेषेविषयी. बांदा मागे टाकले की पत्रादेवी येते. १९ डिसेंबर १९६१ या दिवसापर्यंत तेथे हिंदुस्थान संपत असे आणि पोर्तुगालचा अंमल सुरू होत असे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु तीस वर्षे हमालांत काम केल्याने एक खोड लागली आहे. कोणताही करार पुढे आला की आधी पाहावयाचे, सही कोणाची आहे आणि ओझे कोणाच्या पाठीवर आहे. सावंतवाडीच्या सरहद्दीकडे मी त्याच नजरेने पाहिले.

आपला सर्वसाधारण समज असा की ही रेषा फिरंग्याने तलवारीने ओढली. ते निम्मे खरे आहे. तेरेखोलचा किल्ला सावंतांचा. तो १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लढून घेतला. हा किल्ला खाडीच्या उत्तर तीरावर आहे, म्हणजे आपल्या बाजूला. त्यामुळे आजही गोव्यातून तेरेखोलला जायचे तर खाडी ओलांडावी लागते, नाहीतर महाराष्ट्रातून वळसा घालावा लागतो. नकाशा काढणाऱ्याची चूक वाटावी असा तो तुकडा आहे.

पण बाकीची रेषा कशी पडली? १७६३ साली तिसरे खेम सावंत यांचा शिंद्यांच्या घराण्याशी शरीरसंबंध जुळला आणि त्या वजनावर दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना 'राजे बहादूर' हा किताब मिळाला. पुढे मोरचेलाचा मानही आला. मोरचेल म्हणजे मोराच्या पिसांची चवरी, राजाच्या डोईवर ढाळावयाची! तो मान कोल्हापूरच्या गादीला खुपला. आधीच दोघांचे वैर होते, त्यात ही भर. लढाया सुरू झाल्या आणि सावंतांना मदत हवी झाली. शेजारी तयार होताच. डिचोली आणि सत्तरी १७८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पोर्तुगीजांच्या हाती गेल्या होत्या. १७८८ साली मदतीच्या मोबदल्यात पेडणेही गेले. पोर्तुगीजांनी या मुलखाला 'नव्या काबिजादी' असे नाव दिले. तेव्हा ज्या गावांनी पुढे पावणेदोनशे वर्षे लिस्बनचा कायदा सोसला, त्यांतली काही मोरचेलाच्या भांडणात गेली, असे म्हटले तर ते फार कडू होईल, पण खोटे होणार नाही. पेडण्याच्या कुळांना कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगावयास नको.

अर्थात रेषा पडली म्हणून माणसे तुटली नाहीत. भाषा तीच, दशावताराची मंडळी तीच, सोयरीक दोहोंकडची. उलट कधी कधी सरहद्द गरिबाच्या उपयोगीही पडली. १८४४ साली सावंतवाडी संस्थानात बंड झाले. तांबुळीचे फोंड सावंत आणि त्यांचे मुलगे इंग्रजांविरुद्ध उठले. इंग्रजी फौजांनी मनोहर आणि मनसंतोष हे गड घेतल्यावर बंडवाल्यांनी गोव्याचा आसरा घेतला, आणि इंग्रज सरकार पोर्तुगीजांकडे कागद पाठवीत बसले. एका साहेबाच्या पाठलागातून सुटायला दुसऱ्या साहेबाची हद्द कामी आली.

आणखी एक प्रकरण फारसे कोणाला ठाऊक नसते. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याअन्वये १८८० पासून बारा वर्षे दोन्ही मुलखांतील जकात एक झाली. सरहद्दीवरचे जकातीचे नाके उठले. बैलगाडीवाल्याला केवढा आनंद झाला असेल! पण तहात दुसरे कलम मिठाचे होते. गोव्यातील मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती आला आणि त्यापोटी पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये मिळू लागले. रुपये पणजीच्या खजिन्यात गेले. मिठागरावर उन्हात राबणाऱ्याचा धंदा मात्र आवळला गेला. उरण-पेणच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे अधिक फोड करून सांगायला नको. १८९२ साली मुदत संपली, तह पुढे चालला नाही, आणि नाके पुन्हा उभे राहिले.

आता मी १९५५ कडे येतो. १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन गोव्यात शिरले. १५ ऑगस्टला हजारो नि:शस्त्र माणसे निरनिराळ्या वाटांनी सरहद्द ओलांडू लागली, त्यांत बांद्याहून पत्रादेवीकडे जाणारी वाट एक. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे पडली. कोणी पंजाबचा, कोणी बंगालचा, कोणी मध्य प्रदेशातला. आपल्या पनवेलचे हिरवे गुरुजी याच गोव्याच्या लढ्यात हुतात्मा झाले. त्यांचे नाव या गावात घेताना आवाज आपोआप खाली येतो.

त्यानंतर भारत सरकारने सत्याग्रह थांबविला आणि सरहद्द बंद केली. मालाची ने-आण थांबली, आगगाडी थांबली. येथे मला एका माणसाची साक्ष काढायची आहे. मी युनियनचे काम सुरू केले तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात आरोंद्याकडचा एक म्हातारा हमाल होता. त्याचा बाप होडीतून खाडीपलीकडे पेडण्याला माल पोचवीत असे. नाकेबंदी झाली, बापाची मजुरी एका दिवसात बुडाली, आणि पंधरा वर्षांचा हा पोरगा मुंबईला मशीद बंदरावर पाठीवर गोणी घ्यायला आला. त्याची आते पेडण्यात दिलेली. मला तो म्हणाला, "आते गेली ता आमका म्हयन्यान कळला." एक खाडी, पलीकडचे माड दिसतात, आणि महिन्याने कळले.

मी नाकेबंदीला नावे ठेवीत नाही. सालाझार अर्जविनंत्यांनी हलणारा नव्हता. पण नाकेबंदी म्हणजे एक प्रकारचा संपच. संपात पोट आवळावे लागते हे मी शंभरदा कामगारांना सांगितले आहे. मात्र सांगण्यापूर्वी त्यांची सभा घेतली आहे, हात वर करवले आहेत, आणि घरी चूल पेटेल एवढा फंड जमवला आहे. आरोंदा-बांद्याच्या हमालाची सभा कोणी घेतली? तिकडे गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट येऊ लागले. ज्याला कोंडावयाचे तो बोटीने माल आणवीत होता. कोंडला गेला तो अलीकडचा होडीवाला. देशासाठी त्याने सोसले, हे खरे. परंतु हुतात्म्यांच्या यादीत त्याचे नाव नाही आणि नुकसानीच्याही यादीत नाही, म्हणून ते मी येथे बोलून ठेवतो.

पुढचे आपणांस माहीत आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य निघाले. एक फौज दोडामार्गाच्या बाजूने उतरली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होणे पसंत केले आणि रेषा राहिली ती दोन राज्यांमधली. मला तो कौल तेव्हाच्या आमच्या पुढाऱ्यांइतका लागत नाही. त्या वेळी निदान लोकांना विचारले तरी. आता इन्सुलीच्या नाक्यावर दारूच्या बाटल्यांसाठी पिशव्या तपासतात, एवढीच काय ती कटकट.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्यानंतर एकदा त्या म्हाताऱ्याबरोबर मी सावंतवाडीला गेलो. सकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसून चहा घेतला आणि एस.टी.ने पेडण्याला निघालो. पत्रादेवी आली तेव्हा त्याला झोप लागली होती. मी उठवले नाही. आतेचे घर पाडून तिच्या नातवाने तेथे नवे बांधले होते. म्हातारा बराच वेळ अंगणात घुटमळला. शेवटी मागल्या दारची विहीर त्याने ओळखली आणि तिचेच पाणी मागून घेतले.