खेळाडूचा दुसरा डाव

खेळाडूचे चरित्र सांगताना आपण बहुधा शेवटच्या पदकापाशी थांबतो. हार पडले, मिरवणूक निघाली, की आपली लेखणी मिटते. पण तिशीच्या आसपास पाय थकू लागतात आणि सारे आयुष्य पुढे उरते. त्याचे काय होते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

युरोपातले फुटबॉलपटू पुष्कळदा प्रशिक्षक होतात. स्वीडनचा हेन्रिक लार्सन हा गोल करण्यात मोठा पटाईत. सेल्टिक, बार्सिलोना असे नामांकित संघ गाजवून 2015 साली तो हेल्सिंगबोर्ग या आपल्या जन्मगावच्या संघाचा प्रशिक्षक झाला. पुढच्याच वर्षी तो संघ वरच्या श्रेणीतून खाली उतरला आणि लार्सनने पद सोडले. गोल करणे निराळे आणि गोल करणारी माणसे घडवणे निराळे!

आमच्या जळकोटाकडची मुले खो-खोत रमणारी. या खेळाला ना चेंडू लागतो, ना बूट. दोन खांब आणि सपाट जमीन मिळाली की भागते. त्याचे नियम 1914 च्या सुमारास पुण्यात बांधले गेले. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 साली विजयवाड्याला झाली आणि पुढल्या वर्षी कोल्हापुरास स्त्रियाही मैदानात उतरल्या.

त्या परंपरेतल्या आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे. उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या या मुलीला मामांनी तेराव्या वर्षी मैदानावर नेले. वडील अपंगत्वामुळे फारसे कमावू शकत नव्हते. आई शिवणकाम करी. घराचा भार आजी-आजोबांवर. जवळजवळ दहा वर्षे घरात एकवेळचेच जेवण होते, असे पुढे त्यांनीच सांगितले. अशा घरातली मुलगी 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार झाली. त्या स्पर्धेत खो-खोला प्रथमच स्थान मिळाले होते, आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणले.

वाचकहो, आता पदकाआडची गोष्ट ऐका. त्याच 2016 साली घरच्या ओढाताणीने त्या इतक्या खचल्या की खेळ सोडण्याचे त्यांनी ठरवले आणि खोलीचे दार लावून घेतले. आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर ही गोष्ट घातली. त्यांनी समजूत घातली, तेव्हा ही मुलगी पुन्हा मैदानावर आली. आजी गप्प बसती, तर?

2020 साली सारिकाताईंना अर्जुन पुरस्कार मिळाला. 1998 नंतर बावीस वर्षांनी हा मान खो-खोकडे आला होता. त्या वेळी त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या. आमचे जळकोट याच तालुक्यातले. लार्सनचे यश-अपयश दर आठवड्याला गुणतक्त्यात छापून येई. तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्याचा असा तक्ता कुठे छापत नाहीत. मैदान आखले की नाही, शाळांचे संघ आले की नाही, कालपर्यंत धावणारी मुलगी आज का आली नाही, ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण शेवटच्या प्रश्नाचे मोल, ज्या स्त्रीने एकदा स्वतः दार लावून घेतले होते, तिच्याहून कोणाला अधिक ठाऊक असणार?

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आमच्याकडे त्याचा फार आनंद झाला. मला मात्र त्या दिवशी मैदान सोडून घरी बसलेल्या मुलींची आठवण झाली. त्यांची नावे कुठल्याही संघात नसतात. आपल्या आळीत अशी एखादी असेल, तर या दिवाळीत तिच्या घरी फराळाला जरूर जा, आणि मैदानाची गोष्ट काढा.