काचपात्रातील गोगलगाय

मराठवाड्यात गोगलगायीचे नाव अलीकडे प्रेमाने घेतले जात नाही. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड व उस्मानाबाद या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडला आणि कित्येक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. हिंगोलीचा खरीपही सोयाबीनवरच उभा आहे. अशा मुलखात एखाद्या सुशिक्षित गृहस्थाने दिवाणखान्यातील मत्स्यपेटीसाठी पैसे मोजून गोगलगायी विकत आणाव्यात, हे खेड्यातील त्याच्या आप्तास विपरीत वाटल्यास नवल नाही. शेतातील गोगलगाय निराळी व पाण्यातील निराळी, हे खरे. परंतु 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण रचणाऱ्यांनी असला भेद मानलेला दिसत नाही. या गरीब दिसणाऱ्या प्राण्याच्या पोटात खरोखर काय आहे, हे काचेच्या पेटीने जगाला दाखविले. तो इतिहास मनोरंजक आहे आणि घरी मासे पाळणाऱ्याच्या उपयोगाचाही आहे.

मासे जवळून पाहण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथ सिद्ध केला. त्यात मासे गळाला लावण्याच्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती व त्यांना रुचणारी आमिषे यांची बारकाईने नोंद आहे. परंतु ते मासे नद्यांतले व तळ्यांतले. तेथे पाणगोगलगाय आपले काम मुकाट्याने करीत होती व तिच्याकडे पाहण्याचे कोणास कारणच नव्हते. घरातील नोकर चार दिवस आला नाही म्हणजे मगच त्याची किंमत कळते, तसा हा प्रकार आहे. पाणी काचेत कोंडले, तेव्हा तिची उणीव भासली.

ही उणीव ओळखणारा गृहस्थ प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनमधील औषधविक्रेत्यांच्या संघाचा रसायनज्ञ. वनस्पती प्राणवायू सोडतात व प्राणी तो घेतात, हे तत्त्व त्या काळी नवे राहिले नव्हते; परंतु बंद पाण्यात हा देवघेवीचा हिशेब जुळतो काय, हे त्याला पाहावयाचे होते. 1849 मध्ये त्याने सुमारे 12 गॅलन मावतील एवढ्या काचपात्रात वाळू, चिखल व दगड घातले, पट्टीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. काही काळ सर्व ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले व काचेवर हिरवे शेवाळ धरले. तत्त्व बरोबर होते, पण संसार मोडू लागला होता! तेव्हा वॉरिंग्टनने तळ्याकडे पाहिले व पाच-सहा पाणगोगलगायी आणून पात्रात सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाऊन पाणी निवळ केले. त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य झाली. 1850 मध्ये त्याने हा वृत्तान्त लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

पुढचा विस्तार झपाट्याने झाला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले; 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रूढ केला व इंग्रजी घरांतून काचपेट्यांचे वेड पसरले. मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडण्यास 1951 साल उजाडले. या प्रवासात गोगलगायीविषयीचा एक समजही पेटीबरोबर घरोघर गेला, तो असा की ती घाण नाहीशी करते.

हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा भाग शोधण्याच्या कामी त्याच वॉरिंग्टनचा मुलगा पडावा हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. मुलाचेही नाव रॉबर्टच. रोथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात तो जमिनीतील नायट्रेटांचा अभ्यास करी. 1877 मध्ये श्लोझिंग व म्युन्त्झ या फ्रेंच संशोधकांनी गटाराचे पाणी वाळू व चुनखडीच्या थरांतून संथपणे झिरपविले. काही दिवसांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले आणि क्लोरोफॉर्मची वाफ देताच ती क्रिया थांबली. अर्थात हे काम कोणा सजीवाचे होते. धाकट्या वॉरिंग्टनने त्यापुढे जाऊन दाखविले की हे काम दोन टप्प्यांत चालते: एक प्रकारचे जंतू अमोनियाचे नायट्राईट करतात व दुसरे नायट्राईटचे नायट्रेट. ते जंतू वेगळे काढण्याचे यश मात्र त्याला लाभले नाही. ते 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे गेले. पित्याने पेटीत गोगलगाय आणली, आणि तिच्या मागे राहणारे काम कोण पुरे करतो याचा उलगडा पुत्र शेतातील मातीत करीत होता. आपल्या पित्याच्या काचपात्राची त्या वेळी त्याला आठवण झाली असेल काय?

आता घरच्या पेटीकडे वळू. गोगलगायीच्या जिभेवर किसणीसारखे सूक्ष्म दात असतात. त्यांनी ती काचेवरचे शेवाळ खरवडते व तळाशी पडलेले खाद्याचे कण खाते. परंतु खाल्लेले अन्न पाण्याबाहेर जात नाही. तिची विष्ठा व अमोनिया पाण्यातच उरतात. तो अमोनिया माशांस विष होय. त्याचे नायट्रेट करणारे जंतू वाळूवर, दगडांवर व गाळणीत वस्ती करतात आणि नव्या पेटीत ती वस्ती बसण्यास काही आठवडे लागतात. म्हणून पेटी मांडली त्याच दिवशी मासे व दहा-बारा गोगलगायी एकदम सोडून 'आता सफाईची चिंता मिटली' असे मानणारा गृहस्थ बहुधा आठवड्याभरात मेलेले मासे उचलतो व दोष गोगलगायीस देतो. शिवाय आपल्याकडील पुष्कळ पाणगोगलगायी उभयलिंगी असून एकटीदेखील वंश वाढवू शकते. अन्न मिळेल तितकी त्यांची प्रजा वाढते. तेव्हा पेटीत गोगलगायी फार झाल्या याचा अर्थ माशांना खाऊ घालणारा हात सैल आहे, एवढाच. त्यांना मारण्यासाठी ताम्रयुक्त औषध घातले तर एकदम मेलेल्या गोगलगायी कुजून पाणी अधिकच नासते. खाद्य आवरावे, थोडे पाणी नेमाने बदलावे व वनस्पती भरपूर ठेवाव्यात. नायट्रेट त्याच शोषून घेतात.

फुकट मिळते म्हणून गुरे डुंबतात त्या डबक्यातील गोगलगाय आणणे मात्र शहाणपणाचे नाही. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही आपल्याकडील चपट्या वेटोळ्याची गोगलगाय गुरांच्या नाकात घर करणाऱ्या कृमीस आसरा देते; त्या कृमीमुळे जनावर घोरू लागते. माणसांच्या बाबतीतही रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी गाडगीळ व शहा यांनी 1952 मध्ये अशाच जातीच्या कृमीचा रोग उजेडात आणला. तेथे वाहक ठरली ती फेरिसिया नावाची नखाहून लहान गोगलगाय.

तसेच पेटीतील पाणी कयाधूच्या पात्रात किंवा गावतळ्यात ओतू नये. परदेशी जातींची अंडी त्याबरोबर जातात. उलट दिशेनेही हा व्यवहार झालेला आहे. हीच आपली चपटी गोगलगाय, जिचे वर्णन देशे या फ्रेंच पंडिताने 1834 मध्ये मलबारातील नमुन्यांवरून केले, ती पुढे पश्चिम आफ्रिकेत व ग्वादलूप बेटावर आढळली. बहुधा मत्स्यपेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पाणवनस्पतींच्या पानांना चिकटलेल्या अंड्यांतून तिने हा प्रवास केला.