केहिमकर : गाव सुटल्यावर लागलेलं नाव

किहीमात राहणाऱ्याला किहीमकर म्हणायचं कोणाला कारण पडत नाही. माणूस गाव सोडून मुंबईला आला, की ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नावाला चिकटतं. कोकणातली ‘कर’वाली आडनावं बहुतेक अशीच पडली. त्यांतलं केहिमकर हे विरळा आडनाव. अलिबागजवळच्या किहीमवरून पडलेलं हे आडनाव बेने इस्राएल समाजातलं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं.

या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, असं मानतात. तिथं आता स्मारकस्तंभ आहे. वंशजांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं आणि गावापुरती ती ओळख पुरेशी होती.

अठराव्या शतकात यांतली कुटुंबं मुंबईकडे सरकली. कोणी कंपनीच्या पलटणीत शिरलं, कोणी सुतारकामात. घाणाही सुटला आणि गावही. उरलं गावाचं नाव. नवगावकर, थळकर, झिराडकर, आवासकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी या समाजाची आडनावं वाचत गेलं, की रायगड जिल्हाच फिरून होतो. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. बायबलातल्या शमुवेल आणि यहेज्केल या नावांचे हे चक्क ‘जी’ लावलेले मराठी अवतार.

केहिमकरांचं नाव राहिलं ते हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्यामुळे. 1875 मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात ते पुढे होते. चालीरीती, सण, नावं, दंतकथा गोळा करून त्यांनी 1897 मध्ये समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून काढला. तो छापला गेला त्यांच्या पश्चात, 1937 मध्ये, तोही तेल अवीवला.

अशी आडनावं पुढे आणखी दुर्मीळ होत गेली, त्याची कारणं दोन. इंग्रजी शिक्षण आणि कचेऱ्यांच्या काळात अनेकांनी गाव गाळून वडिलांचं किंवा आजोबांचं नावच आडनाव केलं : सॅम्युएल, बेंजामिन, एझिकेल. सिनेमातले डेव्हिड अब्राहम चेऊलकर प्रेक्षकांना नुसते ‘डेव्हिड’ म्हणूनच ठाऊक. दुसरं कारण स्थलांतर. 1950 च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. 2011 च्या जनगणनेत देशातले सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास भरले. बाकीच्यांतले बहुतेक इस्राएलमध्ये अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना इथं वसले. तिथंही आपण पुरते ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला त्यांना 1964 पर्यंत झगडावं लागलं.

इकडे राहिलेल्यांत फुलपाखरांचे नामांकित अभ्यासक आयझॅक किहिमकर आहेत. गावाच्या उच्चाराप्रमाणे आडनावही कधी ‘के’नं लिहितात, कधी ‘कि’नं.

आडनाव ऐकलं, की जात हुडकायची खोड आपल्याला आहे. ‘कर’ हा प्रत्यय तेवढं सांगत नाही. एका गावचे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू, सगळे तो लावू शकतात. त्यावरून माणसाचं गाव कळतं, आणि तेवढंच विचारणं बरं.