कल्याणच्या लोहाराने दिलेली वाट

कान्हेरीच्या एका ब्राह्मी शिलालेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराची नोंद आहे. लेण्यांना कुणी चैत्य दिला, कुणी राहायला खोली दिली. या माणसाने दिली वाट. कल्याणच्याच एका सोनाराने पाण्याची टाकी खोदून दिल्याचाही लेख इथे आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आज शनिवार-रविवारी बूट कसून निघणाऱ्या मंडळींना हे दोन दाते सहसा ठाऊक नसतात.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षं या डोंगरात वस्ती होती. शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांना जोडणाऱ्या काळ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या. त्या नीट पाहाव्यात. जिथे चढ अंगावर येतो तिथे पायऱ्या आहेत, जिथे कातळ सपाट आहे तिथे खोदणाऱ्यांनी उगाच छिन्नी चालवलेली नाही. पावसाचं पाणी कातळावरून वाया जाऊ नये म्हणून बारीक पन्हळी काढून ते लेण्यांजवळच्या टाक्यांत नेलं आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं गजबजलेली होती, तेव्हा भिक्षूंबरोबर व्यापारीही हा डोंगर चढत. थोडक्यात, हे रान तेव्हाही निर्मनुष्य नव्हतं.

भिक्षू गेल्यावरही पाहुणे येत राहिले. नव्वदाव्या लेण्यात पारशी मंडळींनी 1009 आणि 1021 मध्ये पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. तेच आज कुणी केलं तर पुरातत्त्व खातं गुन्हा दाखल करेल. हजार वर्षं टिकलं की त्याला इतिहासाचं साधन म्हणायचं.

हे जंगल उरलं त्यामागे मात्र धर्मापेक्षा मुंबईच्या तहानेचा वाटा मोठा आहे. 1850 च्या दशकात शहरात पाण्याची टंचाई हाताबाहेर गेली. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार मिठी नदी अडवून 1860 मध्ये विहार तलाव पुरा झाला; 1879 मध्ये तुळशी. पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून तलावांभोवतीची शेती आणि गुरंचराई हटली आणि रान वाढलं. पुढे कृष्णगिरी नावाचं जेमतेम 20 चौरस किलोमीटरचं उद्यान झालं. आजूबाजूची राखीव वनं त्यात येत गेली. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या चहूबाजूंनी शहर आहे.

ट्रेकर ज्यांना ट्रेल म्हणतात त्या बऱ्याच वाटा मुळात पाड्यांच्या. वारली माणसं त्यांवरून सरपणाला, नदीवर, बाजाराला जात आली. पावसाळा लागला की पाड्यांवरच्या बाया शेवळं, टाकळा, कुर्डूच्या जुड्या घेऊन बाजारात येतात. वाघोबाची ठाणीही याच वाटांकडेला. बिबट्या तिथे देव असतो आणि शेजारीही.

शहराला हा शेजारी 2004 च्या उन्हाळ्यात दिसला. माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, वर्तमानपत्रं भरली, पिंजरे लागले. नंतर अभ्यासकांनी दाखवलं, की पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या पद्धतीनेच प्रश्न चिघळतो. त्याआधी 1997 मध्ये उच्च न्यायालयाने उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला होता. त्या आदेशानंतर झोपड्या पडल्या, आणि पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या आदिवासींवरही आपण अतिक्रमण करणारे नाही हे सिद्ध करण्याची पाळी आली. हा भाग ट्रेलच्या माहितीपत्रकांत नसतो.

आता ओढ्याकाठच्या शिलोंडा वाटेवर जायचं तर वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. एरवी कुरकुर करणाऱ्यांनाही हा नियम पटायला हरकत नाही. सकाळी लवकर त्या वाटेवर माणसांखेरीज बाकी सगळ्यांची वर्दळ असते. दरम्यान नव्या वाटांचं काम जमिनीखाली चाललं आहे. ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड हे दोन्ही जुळे बोगदे याच डोंगराच्या पोटातून जाणार आहेत.