क्लेमेंतीवरचा शिक्का

मुत्सियो क्लेमेंती हे नाव आपल्यापैकी अनेकांनी मोत्सार्टच्या चरित्रातच वाचले असेल, आणि तेही हिणवलेले. २४ डिसेंबर १७८१ रोजी व्हिएन्नाच्या दरबारात सम्राट दुसऱ्या योसेफने रशियन राजपाहुण्यांसमोर दोघांना पियानोवर बसवले. सामना अनिर्णित राहिला. पण मोत्सार्टने वडिलांना लिहिले, की या माणसाच्या वादनात ना रसिकता ना भाव, नुसती यांत्रिक सफाई. पत्र टिकले आणि शिक्काही टिकला.

रोममधल्या चांदीकाम करणाऱ्याचा हा मुलगा. पीटर बेकफर्ड या धनिक इंग्रजाने त्याला पोरवयातच इंग्लंडात नेले. डॉर्सेटमधल्या त्याच्या वाड्यावर वर्षानुवर्षे एकांतात रियाझ झाला. पुढे शिष्य बर्गरला त्याने सरळ सांगितले, की त्या काळी आपल्याला चमत्कृतीचाच सोस होता. गाती शैली नामवंत गायक ऐकून नंतर आली. मोत्सार्टच्या वादनाची मात्र त्याने तोंड भरून स्तुती केली. प्रतिस्पर्ध्याच्या पत्रापेक्षा ही साक्ष मला वजनदार वाटते.

लंडनमध्ये तो पियानो बनवू आणि संगीत छापू लागला. १८०७ मध्ये बेथोव्हेनच्या काही कृतींचे ब्रिटनपुरते हक्क त्याने २०० पौंडांना घेतले. शंभर रचनांचा ‘ग्रादुस आद पार्नासुम’ १८२६ मध्ये पुरा झाला.

आणि त्या सामन्यातली ती सोनाटा! तिचा आरंभ मोत्सार्टच्या १७९१ च्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीतिकेच्या नांदीत जवळजवळ तसाच ऐकू येतो. क्लेमेंतीने भांडण काढले नाही. सोनाटा पुन्हा छापताना, ती १७८१ मध्ये सम्राटापुढे, मोत्सार्टच्या उपस्थितीत वाजवली होती, एवढी टीप मात्र त्याने घातली.