हेलिकेज एंझाइमे

हेलिकेज एंझाइमे : न्यूक्लिइक अम्लांच्या एकमेकींत गुंफलेल्या दोन साखळ्या ऊर्जा खर्च करून अलग करणारी प्रथिने. डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) व आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) यांवर कार्य करणारी ही एंझाइमे सूक्ष्मजंतूंपासून मानवापर्यंत सर्व सजीवांत आणि अनेक व्हायरसांतही आढळतात. सर्पिल या अर्थाच्या ‘हेलिक्स’ या शब्दावरून त्यांना हे नाव मिळाले.

समस्येचा उगम : जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची द्विसर्पिल संरचना मांडली. तीत प्रत्येक साखळी दुसरीचा साचा ठरत असल्याने आनुवंशिक माहितीची नक्कल कशी होत असावी, याचे सुटसुटीत स्पष्टीकरण मिळाले. मात्र त्याबरोबर एक अडचणही उभी राहिली. सुमारे दहा क्षारक-जोड्यांमागे सर्पिलाचा एक वेढा पूर्ण होतो. साखळ्या अलग व्हावयाच्या तर असा प्रत्येक वेढा उलगडावा लागतो. एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लक्ष क्षारक-जोड्या, म्हणजे चार लक्षांहून अधिक वेढे असतात आणि त्याची नक्कल सुमारे ४० मिनिटांत पुरी होते. वॉटसन व क्रिक यांनी ही अडचण स्वतःच नमूद केली होती. माक्स डेलब्रुक यांनी १९५४ मध्ये, साखळ्या ठिकठिकाणी तुटून पुन्हा जोडल्या जात असाव्यात, असा पर्याय सुचविला. तथापि मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँक्लिन स्टाल यांच्या १९५८ मधील प्रयोगाने प्रत्येक नव्या रेणूत एक जुनी व एक नवी साखळी असते, हे दाखविले. साखळ्या अलग होतात हे त्यामुळे निश्चित झाले. त्या कशा अलग होतात, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

शोध : नवी साखळी रचणारे डीएनए पॉलिमरेज हे एंझाइम आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ मध्ये शोधून काढले होते. ब्रूस आल्बर्ट्स यांनी १९७० मध्ये टी-४ या सूक्ष्मजंतुभक्षी व्हायरसातील एका प्रथिनाचे वर्णन केले. हे प्रथिन एकपदरी डीएनएला चिकटून राहते. अलग झालेल्या साखळ्या पुन्हा जुळत का नाहीत, हे त्यावरून कळले. मात्र ते ऊर्जा खर्च करून पुढे सरकणारे यंत्र नव्हते. असे यंत्र १९७६ मध्ये हायडल्‌बर्ग येथील माक्स प्लांक वैद्यकीय संशोधन संस्थेत सापडले. महमूद अब्देल-मोनेम, हार्टमूट होफमान-बेर्लिंग व त्यांचे सहकारी यांनी एश्चेरिकिया कोलायमधून एक एंझाइम शुद्ध केले. डीएनएच्या सान्निध्यात ते ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेटाचे (एटीपीचे) जलीय विच्छेदन करी आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर साखळ्या अलग करी. साखळ्यांचे विलगीकरण हे स्वतंत्र एंझाइमाचे कार्य असू शकते, हे यावरून प्रथमच सिद्ध झाले.

या शोधाला पुढे अनपेक्षित वळण मिळाले. हेच एंझाइम एफ प्लाझ्मिडावरील जीनापासून तयार होते व सूक्ष्मजंतूंच्या संयुग्मनात डीएनए एका कोशिकेतून दुसरीत नेण्यास साहाय्य करते, असे १९८३ मध्ये आढळले. म्हणजे ज्या कोड्यापायी शोध सुरू झाला, त्या गुणसूत्राच्या नकलेशी पहिल्या हेलिकेजाचा थेट संबंध नव्हता. नकलेच्या स्थळी साखळ्या अलग करणारे मुख्य एंझाइम डीएनए-बी हे प्रथिन होय, असे जोनाथन लेबोविट्झ व रॉजर मॅकमॅकन यांनी १९८६ मध्ये दाखविले. साखळ्या उलगडताना पुढील भागात साचणारा पीळ टोपोआयसोमरेज गटातील एंझाइमे सैल करतात. त्यांपैकी पहिले जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये वर्णिले होते.

रचना व कार्य : एटीपी धरून ठेवणारे विशिष्ट ॲमिनो अम्लक्रम जॉन वॉकर व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ओळखले. अशा क्रमांवरून हेलिकेजांची अनेक कुले पाडण्यात आली आहेत. डेल विगली यांच्या गटाने १९९६ मध्ये एका सूक्ष्मजंतूतील पीसीआरए या हेलिकेजाची स्फटिकरचना निश्चित केली. त्यात दोन विभागांमधील खाचेत एटीपी बसते. ते जोडले जाताना व विच्छेदित होताना खाच मिटते व उघडते आणि एंझाइम एकपदरी साखळीवरून एकेक क्षारक पुढे सरकते. डीएनए-बी हे सहा घटकांचे कडे असून त्याच्या पोकळीतून एक साखळी ओवली जाते व दुसरी बाहेर राहते. सूक्ष्मजंतूत नकलेचे स्थळ सेकंदाला सुमारे १,००० क्षारक-जोड्या पुढे जाते, म्हणजे दर सेकंदास सुमारे १०० वेढे उलगडतात. आरएनएवरील ‘डेड’ पेटी गटातील हेलिकेजांची रीत वेगळी आहे. ती फारशी पुढे न सरकता आखूड दुपदरी भाग जागच्या जागी उघडतात. उदा., ईआयएफ-४ए हे प्रथिन संदेशक आरएनएच्या आरंभीच्या घड्या उलगडून प्रथिननिर्मितीस वाट मोकळी करून देते.

विकार व उपचार : मानवातील हेलिकेजांच्या जीनांत दोष निर्माण झाल्यास गंभीर आनुवंशिक विकार उद्भवतात. लहान चण व अल्पवयात कर्करोग ही लक्षणे असलेल्या ब्लूम लक्षणसमूहाचा जीन १९९५ मध्ये, तर तरुणपणीच वार्धक्य आणणाऱ्या वेर्नर लक्षणसमूहाचा जीन १९९६ मध्ये ओळखला गेला. दोन्ही जीन हेलिकेजांचे आहेत. सूर्यप्रकाशाने त्वचेचा कर्करोग होण्याची प्रवृत्ती असलेल्या झेरोडर्मा पिग्मेंटोसम या विकाराचे काही प्रकारही डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या हेलिकेजांच्या दोषामुळे होतात. याउलट व्हायरसाचे हेलिकेज निकामी करणे हा उपचाराचा मार्ग ठरू शकतो. नागीण या रोगावरील अमेनामेव्हिर हे अशा प्रकारचे औषध जपानमध्ये २०१७ मध्ये मान्य झाले.